उसन्या खुर्च्या

त्या गेम कंपनीत माणूस दुसऱ्या टीमला उसना दिला, की तो आपली खुर्ची ढकलत तिकडे जायचा. दादाच्या गेमची तारीख तोंडावर आली, तेव्हा त्यानं धाकट्या बहिणीला गळ घातली, "तुझी माणसं दे. माझा गेम बाजारात गेला, की सगळी फौज तुझ्या गेमवर!" भावाच्या शब्दावर तिनं सगळ्या खुर्च्या पाठवल्या. आज त्याचा गेम बाजारात गेला. तिनं रिकामी टेबलं पुसली. तेवढ्यात तिचा ॲनिमेटर आला, खुर्चीशिवाय. "उशी राहिली होती माझी," तो पुटपुटला. "आम्हाला त्याच गेमच्या दुसऱ्या भागावर घेतलंय. दादा बोलले नाहीत? आम्हाला मागितलं तेव्हाच ठरलं होतं." मागून दादा हसत आला. "रुसू नकोस गं. तूही ये खुर्ची घेऊन." तिनं उशी दिली, स्वतःची खुर्ची उलटी केली आणि एकेक चाक उपटलं.