घरचं माणूस

“आधी या बाईंना बाहेर जायला सांग,” घरमालक म्हणाला. “हा तुझ्या-माझ्यातला मामला आहे. बाहेरच्या माणसाशी मी एक शब्द बोलणार नाही.”

बाहेरचं माणूस म्हणजे बाई. शाळेतून निवृत्त झाल्या आणि निर्वासितांच्या केंद्रात फुकट भाषा शिकवायला लागल्या. नवरा म्हणाला, ही नसती उठाठेव आहे. बाई म्हणाल्या, आहे खरी. वर्गाला त्या उठताबसता फैलावर घेत आणि वर्ग त्यांच्यावर जीव टाकी. आज मात्र त्या वर्ग सोडून एका विद्यार्थिनीच्या भाड्याच्या खोलीत, दारातच उभ्या होत्या.

करार उन्हाळ्यापर्यंतचा. पण मालकाला खोली पुतण्यासाठी हवी झाली आणि ऐन थंडीत त्याने फर्मान काढलं, महिनाअखेर चालते व्हा. खोलीत नवरा, बायको आणि तान्हं बाळ. खोली दलालामार्फत घेतलेली, नवऱ्याला मालकाने कधी पाहिलंही नव्हतं. तो बिचारा कामावर गेलेला. उरली बायको. तिला वर्गात सगळे ‘कुजबूज’ म्हणत.

तिला भाषा येत नव्हती असं नाही. तोंड उघडत नव्हतं. आठवडाभर केंद्रात तालीम चालली होती. बाई घरमालक व्हायच्या, ओठावर बोटाची मिशी धरून दरडावायच्या, “काय, कधी निघताय?” वर्गाची हसून पुरेवाट व्हायची. कुजबूज मान खाली घालून म्हणायची, “माफ करा.”

“अगं, माफी कसली मागतेस? भांड की जरा!” बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच जाऊन बोलायचं. त्या माणसाची काही खैर नाही.

आणि पहिल्याच वाक्याला त्या माणसाने त्यांना दार दाखवलं.

तसं पाहिलं तर तो म्हणत होता ते खरंच होतं. या घरात त्या कोण? कुजबूज बाळाला खांद्यावर टाकून उभी होती. आता ही माफी मागणार आणि खोली हातची जाणार, बाईंना वाटलं.

“बाहेरच्या नाहीत,” कुजबूज म्हणाली. “सासू आहेत माझ्या.”

नात्यांचे शब्द बाईंनी नुकतेच तर शिकवले होते. घोळ घातला पोरीने, आणि तोही नेमका आत्ता! चूक सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण कुजबूज थांबायला तयार नव्हती.

“करार उन्हाळ्यापर्यंत आहे. उन्हाळ्यापर्यंत आम्ही इथून हलत नाही.” आवाज कापत होता, पण असा खणखणीत की बाळ दचकून जागं झालं.

मालकाने बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ही तुमची सून?”

“हो,” बाई ताठ उभ्या राहिल्या. “माझ्या हाताखाली तयार झालीय. अजून काही ऐकायचंय तिच्याकडून?”

मालकाला नव्हतं ऐकायचं. उन्हाळ्यानंतर एक दिवस जास्त मिळणार नाही, असं काहीसं पुटपुटत तो जिना उतरला.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता. एवढ्या वर्षांत किती मुलं पहिली आली, पण असं कधी वाटलं नव्हतं. डोळे पुसून होतात न होतात तोच त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. “शाब्बास! पण एक लक्षात ठेव. सासू म्हणजे नवऱ्याची आई. मी तुझी शिक्षिका.”

“माहीत आहे, बाई.” कुजबूज बाळाला थोपटत होती. “शिक्षिकेला तो बाहेर काढत होता. सासूला घराबाहेर काढायची माझी हिंमत नाही, त्याची कुठून होणार?”