बाणाची शेपटी

त्या डॉक्टरच्या नजरेतून एक्सरेवरचं काही सुटत नसे. गेल्या वर्षी थोरली बहीण जिन्यावरून घसरली, तेव्हा बरगडीतली केसाएवढी चीर त्याने चुटकीसरशी पकडली आणि तिला दाखवायला फिल्मवर लाल मेणखडूने ऐटीत बाण काढला. “लहानपणी माझी हरवलेली कानातली तूच शोधायचास,” ताई कौतुकाने म्हणाली. चीर सापडली आणि नजर तिथेच विसावली. यंदा तिचा खोकला हटेना, म्हणून काढलेल्या नव्या फिल्मवर फुप्फुसातली गाठ ठसठशीत दिसली. त्याने जुनी फिल्म शेजारी लावली. बाणाची शेपटी नेमकी त्याच जागेवर होती. त्याने अंगठ्याने शेपटी पुसली, तर खाली इवलासा पांढरा ठिपका होता. “तेव्हा नव्हतं ना रे हे?” मागून ताईने विचारलं. “नव्हतं.” ताई ठिपक्याकडे बघत राहिली, मग रुमाल पुढे करून म्हणाली, “आधी अंगठा पूस.”