एक तारखेच्या आत

"माझ्यासाठी तू बोनस सोडणार?" प्रिंटरवर राहिलेलं पत्र न्यायमूर्ती किनखेड्यांनी ऋचापुढे धरलं.

ऋचा दोन वर्षं त्यांची लॉ क्लार्क, म्हणजे निकालाच्या कामातली मदतनीस होती. मुंबईच्या एका बड्या लॉ फर्मनं तिला नोकरी देऊ केली होती. एक तारखेला रुजू झाली तर वर पाच लाखांचा जॉइनिंग बोनस. त्यात आईच्या शिवणकामाला स्वतःचा गाळा झाला असता. पण बोनस नको, दोन महिने उशिरा येते, असं तिनं पत्रात लिहिलं होतं.

"तुमच्यासाठी नाही, सर. अंगणवाडीताईंच्या पेन्शनचा निकाल अर्धा राहिलाय. नव्या माणसाला कागद कळेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल. मग त्या बायकांनी नव्या न्यायाधीशांपुढे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं?"

सरांनी ते पत्र फाडलं आणि दिवाळीच्या सुट्टीत नातीकडे पुण्याला जायचं तिकीट रद्द केलं. सुट्टीभर ते सकाळी आठलाच चेंबरमध्ये हजर असत. ते सांगत, ती टाइप करी आणि एखाद्या शब्दावरून दोघंही कडाडून भांडत.

सुट्टी संपल्यावर निकाल वाचून झाला, तेव्हा कोर्टात मागे उभ्या असलेल्या ताया एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

ऋचा पाया पडायला वाकली. सरांनी तिला उठवलं. "परवा एक तारीख. जा आता. तू माझी क्लार्क होतीस, म्हणून यापुढे वकील म्हणून तुझे खटले मला चालवता यायचे नाहीत, ठाऊक आहे ना?"

"पण सर, तुम्ही तर निवृत्त होताय."

"तेच बरं. मागच्या बाकावर बसून तुला ऐकता येईल."