जोडीने करायचा धडा

धाकटीला ना मान कळत होता, ना पायरी. थोरल्या जावेशी तिने महिनोन्महिने अबोला धरला होता, आणि काही सांगायचंच झालं तर ती भिंतीला सांगायची. "भिंतबाई, कुणाला तरी सांगा, दूध उतू जातंय." थोरली तिथेच उभी असायची, पण तिने दूध खुशाल उतू जाऊ दिलं. आधी तोंड उघडेल ती थोरली कसली.

नव्या मुलखात राहायला आल्यावर तिथली भाषा शिकायला दोघी एकाच वर्गात जायच्या. त्या वर्गात बाईंनी नेमकी यांचीच जोडी लावली आणि दोघींना स्वयंपाकघराचं एकेक चित्र दिलं. "दाखवायचं नाही. घरच्या भाषेतला शब्द काढायचा नाही. विचारून विचारून दोन चित्रांतले फरक शोधा."

इथे भिंत लांब होती. धाकटीने घसा खाकरला आणि नव्या भाषेत विचारलं, "तुमच्या घरात मांजर आहे?"

"आहे. लठ्ठ आहे. तुमच्या?"

"नाही. खिडकीत कोण आहे?"

सगळे फरक सापडले, तास संपला, बाई फळासुद्धा पुसून गेल्या, तरी धाकटी विचारतेच आहे. "तुमचा गुडघा दुखतो?"

थोरलीने चित्र उलटसुलट करून पाहिलं. त्यात गुडघा कुठेच नव्हता. तिने भुवई उंचावली, तशी धाकटी नव्या भाषेतच हळूच म्हणाली, "या भाषेत आपलं भांडण नाही."

"तू फार मूर्ख बाई आहेस," थोरलीने त्याच भाषेत, एकही चूक न करता सुनावलं, "आणि दोन्ही दुखतात."