न वाजलेली शिट्टी

"मी जे पाहिलं त्यावरूनच निर्णय दिला, ओक्साना." लाईलचा हा आवाज तेवीस वर्षांनंतरही माझ्या कानात आहे. आइस हॉकीच्या प्लेऑफमध्ये माझा धाकटा भाऊ तारस मागून धडक बसून मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळला. त्याचा गुडघा कायमचा गेला, तरी पंच असलेल्या लाईलनं शिट्टी वाजवली नाही. अख्ख्या गावानं त्याला शिव्या घातल्या. नदीवरचं बर्फ फुटत होतं त्या आठवड्यात मी त्याची साखरपुड्याची अंगठी परत केली.

काल पुन्हा प्लेऑफ. आमच्या गावच्या खेळाडूनं पाहुण्या संघातल्या एकाला तसंच मागून फळीवर चेपलं, आणि पंच गप्प.

"आंधळा आहे का हा?" पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांपैकी कुणीतरी ओरडलं.

"अहो, बसा खाली," माझ्या शेजारी कॉफीचा घोट घेत तारस हसला. "पंच बरोबर आहे. तुमच्याच पोरानं धडक येताना बघून पाठ फिरवली. मागून धडक दिली की समोरच्याला पाच मिनिटं बाहेर बसवतात ना, त्यासाठी."

"तुला रे काय ठाऊक?" मी विचारलं.

त्याचं हसू विरलं. त्याचा हात त्या गुडघ्यावर गेला.



"ताई, त्या दिवशी मीही तेच केलं होतं."