लहान अक्षरांची फाईल

सोमवारी अकरा वाजता साहेबांनी निर्णय दिला: सिनेमाचं इंग्रजी नाव पोस्टरवर आहे तसंच, सगळी अक्षरं लहान ठेवून नोंदवायचं. सव्वाअकराला ठरलं की असा निर्णय झालाच नव्हता, कारण पडद्यावर तेच नाव मोठ्या अक्षरांत येतं.

मी चित्रपट संग्रहालयात नोंदी करते. हातातली फाईल बंद झाल्याशिवाय रजा नाही, हा साहेबांचा नियम. शेवटी मी म्हाताऱ्या दिग्दर्शकांनाच टॅक्सीत घालून आणलं.

"अहो, नाव टाइप करून पेंटरकडे पाठवलं माझ्या मेहुण्यानं," ते म्हणाले. "टाइपरायटरचं मोठ्या अक्षरांचं बटण अडकलेलं, दाबलंच जाईना. पेंटरनं दिसलं तसं उतरवलं. काय वाट्टेल ते लिहा, पण या बाईंना रजेवर सोडा!"

साहेबांनी चष्मा पुसला. "बटण अडकल्याचा पुरावा?"

"टाइपरायटर कधीच भंगारात गेला."

"मग भंगारवाल्याचं पत्र आणा. तोवर फाईल उघडी."

मी जागेवर येऊन अर्ज लिहिला:

"महोदय, मुलीच्या बाळंतपणासाठी मागितलेली पंधरा दिवसांची रजा मंजूर व्हावी. नातीचे दुधाचे दात पडू लागले आहेत. नवे येण्यापूर्वी विचार व्हावा, ही नम्र विनंती."