कापडावरचा दगड

“अहो, चाकापुढचा दगड घेऊ का? वाऱ्यानं कापड उडतंय,” शालननं विचारलं.

“घे की. गाडी गिअरमध्ये आहे, तसूभर हलायची नाही,” जीपखालून नवरा म्हणाला.

खरंच होतं ते. हँडब्रेक तुटून दोन वर्षं झाली, तरी गिअरच्या जोरावर जीप त्या उतरत्या अंगणात मुकाट उभी राहायची. तिच्या पुढच्या चाकांपासून वीतभर अंतरावर शालननं कुरडया वाळत घातल्या होत्या. तिनं दगड ओढून काढला आणि कापडाच्या पार पलीकडच्या टोकावर ठेवला.

मागचा शाफ्ट महिनाभर खडखडत होता, आणि गॅरेजवाल्याला गाडीला हात लावू द्यायचा नाही हा नवऱ्याचा हट्ट. पाना करकरत होता. एकेक बोल्ट शालनच्याच ताटलीत टणकन पडत होता.

“निघाला एकदाचा!” शाफ्ट धपकन खाली आला. “अगं, ही दांडीच इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवते. आता इंजिन कुठं नि चाकं कुठं! एकमेकांशी काही संबंधच उरला नाही.”

कुरडया उलटता उलटता शालनचा हात थांबला.

“मग गिअरनं आता काय धरलंय?”

जीपखाली पाना हातातून टाकल्याचा आवाज आला.

“शालन,” नवरा अगदी हळू म्हणाला, “दगड आण.”

ती धडपडत उठली. दगड दहा पावलांवर होता, आणि पुढच्या चाकाखाली पहिली कुरडई कुडकन मोडली.